मदत हवी आहे: २८ इंची स्लिक (खाचा नसलेले शर्यतीचे टायर) लावल्यावर मागचा रेशो किती? ४.११, ४.३० की ४.५७?

मंडळी, मागच्या क्राउन-पिनियनवरून (मागच्या धुरीतली दातेरी चाकं; चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती फेरे फिरतो, तो मागचा रेशो) डोक्याचा पार भुगा झालाय. एकजण म्हणतो ४.११ च्या वर जाऊ नको, दुसरा म्हणतो ४.५७ टाक आणि मोकळा हो. का, ते मात्र दोघंही सांगत नाहीत. म्हणून सगळी कुंडली इथेच मांडतो.

ड्रॅग शर्यत, म्हणजे उभ्या गाडीने सरळ रेषेत सुटायचं. धाव ४०२ मीटरची. माझ्यासकट वजन साधारण १४५० किलो. व्ही-८, कार्ब्युरेटरवालं इंजिन. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) सर्वाधिक ताकद ६२०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) दिसली. ६५०० पर्यंत फारशी पडत नाही, त्यापुढे नुसता आवाज. गिअरबॉक्स टीएच-३५०, तीन गिअरचा ऑटोमॅटिक, म्हणजे पहिला २.५२, दुसरा १.५२, तिसरा थेट (१.००). कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो, तेलातून ताकद पोचवतो) ३५०० आरपीएमचा. मागे फोर्ड ९ इंची हौसिंग (धुरीचं कवच), त्यात ३.७० चा सेट आणि २६ इंची साधे रेडियल.

शेवटच्या रेषेवर वेग ताशी १८८ किमीच्या आसपास असतो, तेव्हा टॅको (आरपीएमचा काटा) ५९०० ते ५९५० दाखवतो. सुटताना मात्र चाकं जागेवरच फिरतात. पहिल्या ६० फुटांचा वेळ १.९ सेकंदांच्या खाली येतच नाही.

टायर बदलायचे हे पक्कं. २८ × १०.५ चे स्लिक मडगार्डखाली बसतात, मोजून झालंय. तर रेशो कोणता घ्यावा? की २६ इंची स्लिक घेऊन ३.७० तसाच ठेवावा? गाडी अधूनमधून रस्त्यावरही काढतो, हेही लक्षात घ्या.

प्रतिसाद

टायर आधी ठरवलात हे बरं केलंत. बरेच लोक आधी क्राउन-पिनियन बदलतात, मग टायर, आणि पुन्हा क्राउन-पिनियन.

सूत्र सोपं आहे. ताशी किमीतला वेग गुणिले रेशो गुणिले २०८.९, भागिले टायरचा इंचातला व्यास. आलेला आकडा कसलीही घसर नसतानाचा आरपीएम. तुमचे आताचे आकडे टाकले तर १८८ ला ५५९० येतात. टॅको ५९२५ च्या आसपास दाखवतोय, म्हणजे कन्व्हर्टर आणि टायर मिळून ६ टक्के घसर. ऑटोमॅटिकला हे अगदी नेहमीचं. ही तुमच्याच गाडीची घसर असल्यामुळे पुढच्या हिशोबातही तीच धरा.

आता २८ इंची टायर, वेग तोच १८८, घसर ६ टक्के:

३.७० : ५५००
४.११ : ६११०
४.३० : ६३९०
४.५७ : ६८००

रेषा ओलांडताना इंजिन कमाल ताकदीच्या थोडं पुढे असावं. तुमच्या बाबतीत ६३०० ते ६५००. तेव्हा ४.३०. रेशो न बदलता नुसते २८ इंची टायर चढवलेत तर गाडी मेलीच समजा, कारण ते २६ इंचीवर ३.४४ टाकण्यासारखं होतं.

४.५७ वाल्यांचं इंजिन बहुतेक ७००० पर्यंत ताकद देत असणार. त्यांच्या गाडीला ते बरोबर असेल, तुमच्या नाही.

प्रतिसाद

हिशोब मान्य, पण एक गोष्ट राहिली. ६० फुटांचा वेळ वाईट येतोय तो रेशोमुळे नाही, टायरमुळे. पकड नसताना रेशो वाढवला तर चाकं आणखी जोरात फिरतील, एवढंच. पहिला गिअर गुणिले मागचा रेशो करून बघा. आता २.५२ × ३.७० = ९.३. ४.३० ला १०.८. टायर मोठा झाल्यामुळे त्यातला काही भाग परत जातो, म्हणजे जमिनीवर प्रत्यक्षात पोचणारा रेटा फक्त ८ टक्क्यांनी वाढतो. स्लिकला तो सहज झेपेल.

धागाकर्ता

आकडे बघून जीव भांड्यात पडला. तरी दोन शंका. स्लिक वेगात फुगतात म्हणतात, मग हा हिशोब कोलमडत नाही का? आणि २६ इंची स्लिकचं काय?

प्रतिसाद

फुगतात. बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या थरांचे) स्लिक जास्त, रेडियल जवळजवळ नाहीच. अर्धा इंच व्यास वाढला असं धरलं तरी ४.३० वर ६३९० चे ६२८० होतील. अजूनही कमाल ताकदीच्या पुढेच. ४.११ घेतलात तर फुगल्यावर ६००० च्या घरात याल, म्हणून तो मला कमी वाटतो.

टायरवर छापलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. टायर गाडीला लावून, हवा धावेच्या वेळची ठेवून, खडूने खूण करा आणि गाडी एक फेरा पुढे ढकला. ते अंतर भागिले ३.१४ हा खरा व्यास. २८ इंची असेल तर फेरा २२३ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा.

२६ इंची स्लिक आणि ३.७० हा पर्याय वाईट नाही, फुकटात काम होतं. पण उंच टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब असतो आणि त्याची बाजूची भिंत सुटताना जास्त दुमडते. १४५० किलोच्या गाडीला मी तरी २८ च घेईन.

प्रतिसाद

रस्त्याचा मुद्दा कोणीच घेतला नाही. स्लिक रस्त्यासाठी नसतात, म्हणजे एरवी जुने २६ इंची लावणार. मग ४.३० वर ताशी १०० ला ३४५० आरपीएम, वर कन्व्हर्टरची घसर. आता २९७० आहेत. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर) नाही, लांबच्या प्रवासात कान किटतील. त्यापेक्षा रस्त्यावर चालणारे २७५/६० आर १५ चे ड्रॅग रेडियल बघा. व्यास जवळजवळ बरोब्बर २८ इंच. तेच रस्त्यावर, तेच ट्रॅकवर, आणि १०० ला ३२१०.

धागाकर्ता

हे डोक्यातच आलं नव्हतं! ड्रॅग रेडियल आणि ४.३० असंच करतो. कधी २०१ मीटरच्या ट्रॅकवर गेलो तर?

प्रतिसाद

तिथे रेषेवर तुम्ही साधारण १५० ला असाल, ४.३० वर जेमतेम ५१००. फक्त २०१ मीटरच धावायचं असतं तर ४.८६ सांगितला असता. दोन्हीकडे जायचं असेल तर ४.३० च राहू द्या. फोर्ड ९ इंचीचा फायदा म्हणजे अख्खा संच पुढून बाहेर निघतो. हौस वाढली की दुसरा संच तयार करून ठेवा, ट्रॅक बघून बदला.

घेताना ९३१० पोलादाचे ‘प्रो’ गिअर घेऊ नका. ते धक्का सोसतात, पण रस्त्यावर लवकर झिजतात. तुम्हाला ८६२० वालेच हवेत. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) आणि दात्यांवरचा ठसा जाणकाराकडून तपासून घ्या. पहिल्यांदा १५-२० मिनिटं हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. ८०० किमी झाले की तेल बदला. तोवर सुटण्याच्या रेषेकडे फिरकू नका.