बॉडीकलरला मराठीत काय म्हणायचं?

व्हिएन्नाला आल्बर्टिना संग्रहालयात जर्मन चित्रकार ड्युररचा ससा बघायला गेले होते, १५०२ मधला. उजेडाने रंग उडतात म्हणून मूळ चित्र क्वचितच बाहेर काढतात, मला हुबेहूब प्रतच बघायला मिळाली, तरी अर्धा तास हलले नाही. सशाच्या डोळ्यात खिडकीची चौकट दिसते हो, एवढीशी! पण अडकले ते चित्राच्या माहितीत. जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द, आक्वारेल (पातळ, पारदर्शक जलरंग) आणि डेकफार्बन. डेकन म्हणजे झाकणे. म्हणजे खाली पातळ तपकिरी वॉश (पाणी घालून पसरवलेला थर) आणि वर एकेक केस झाकणाऱ्या रंगाने, मिशांना तर चक्क पांढरा. लंडनला टेट कलादालनात इंग्रज चित्रकार टर्नरचा 'ब्लू रिगी' (१८४२) हा डोंगर बघितला तर तिथे पातळ थरावर पातळ थर, उजेड सगळा खालच्या कागदाचा. आणि आपण दोन्हीला जलरंगच म्हणणार? इंग्रजीत त्या झाकणाऱ्याला बॉडीकलर म्हणतात, 'अंगरंग' केलं तर कोणी हळद लावतंय असं वाटतं :)

प्रतिसाद: गुआश म्हणा की सरळ. फ्रेंच शब्द आहे, इटालियन ग्वात्सोवरून आलाय, त्याचा एक अर्थ डबकं. चिखलपाणी झालेला रंग, बरोबर बसतं.

प्रतिसाद: डबकं नको राव. अकबरनाम्याची चित्रांची पानं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत (१५९०-९५ च्या सुमाराची), तिथे लिहितात ओपेक वॉटरकलर. रंगात डिंक, वर्ख, मग पान उलटं ठेवून अकीकाने घोटलेलं, ते बघितल्यावर डबकं शब्द तोंडातून निघणार नाही. पारदर्शक-अपारदर्शक आहेच की, पण अपारदर्शक म्हणजे नुसतं 'जे नाही ते' सांगणारा शब्द, काचेबद्दल बोलतोय असा. बॉडी म्हणजे इथे अंग नाही, दळ. दळदार पाकळी म्हणतो ना आपण. दळदार रंग म्हणा, वाचणाऱ्याला जाडी लगेच कळते.

प्रतिसाद: दळदार मस्तच. फक्त टर्नरला सोवळ्यात बसवू नका, निळ्या कागदावर त्याने भरपूर गुआश वापरलंय. कागदच निळा, तर पांढरा आणणार कुठून, लावावाच लागणार. आणि पांढऱ्या कागदावर काम करताना नखाने खरवडून पांढरा काढायचा.

मूळ लेखिका: हे खरंय, म्हणजे फरक चित्रकाराचा नाही, पांढरा कुठून येतो त्याचा. चित्र काढणारे 'पांढरा सोडला' आणि 'पांढरा लावला' असं बोलतातच की! मी आता माझ्या वहीत सशापुढे 'पातळ वॉश, वर दळदार रंग, मिशा लावलेल्या' असं लिहून टाकलंय. मिशा लावलेल्या वाचून घरचे हसतायत ते वेगळं.