मदत हवी आहे: कॅन्सरमुळे किडनी काढली, गुरुवारी पहिला सीटी स्कॅन. हे चार दिवस कसे काढायचे?

नमस्कार मंडळी. वय ५३, साखर कारखान्यात काट्यावर कारकून. एरवी नुसता वाचून जातो, लिहायची पहिलीच वेळ, सांभाळून घ्या.

मे महिन्यात पोटात गॅस धरतोय म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताचे खडे निघतील असं वाटलेलं. डॉक्टर गप्पा मारत होते, मग एकाच जागी परत परत यंत्र फिरवायला लागले आणि बोलायचेच थांबले. तिथंच मला कळलं. डाव्या किडनीत साडेपाच सेंटिमीटरची गाठ. लघवीतून रक्त नाही, कळ नाही, वजन उतरलं नाही, काही म्हणजे काही नाही. जूनमध्ये दुर्बिणीतून ती किडनी काढली. रिपोर्ट: क्लिअर सेल (किडनीच्या कॅन्सरचा नेहमीचा प्रकार), ग्रेड २, पीटी१बी (म्हणजे गाठ किडनीतच), कडा मोकळ्या. सर्जन म्हणाले, "गाठ किडनीतच होती, पूर्ण निघाली. केमो नाही, शेक (रेडिएशन) नाही. सहा महिन्यांनी सीटी करू."

आता खरं तर मी खूश असायला पाहिजे. पण भेटायला येणारे पाहुणे विचारतात, "कॅन्सर आणि केमो नाही? डॉक्टरांनी हात टेकले का काय?" मेव्हणे म्हणतात, आधी बायोप्सी न करता कापलंच कसं. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं की किडनीची गाठ सीटीवरच बहुतेक ओळखू येते, म्हणून बऱ्याचदा आधी सुई घालत नाहीत. दिवसा पटतं. रात्री दोनला नाही पटत.

बायकोनं फाइल कपाटावर गोधड्यांखाली ठेवलीय. मी रात्री स्टूल लावून काढतो, वाचतो, परत ठेवतो. परवा सकाळी बघतो तर स्टूल तिनं आधीच कपाटापाशी सरकवून ठेवलेलं. बोलली काहीच नाही.

"पॉझिटिव्ह राहा" ऐकलं की डोकं फिरतं. आईचं एक वाक्य तेवढं झेपतं: "दोन दिल्या होत्या, एक परत घेतली, हिशेब मिटला."

ज्यांनी हे काढलंय त्यांनी सांगा, तपासणीच्या आधीचे दिवस कसे काढता? रात्रपाळी घेऊ का नको? आणि वहिनींनी कुठून तरी काढ्याच्या बाटल्या आणि भस्माच्या पुड्या आणल्यात, त्यांचं मन कसं मोडू?

प्रतिसाद १
दादा, माझी उजवी २०१२ ला गेली. एकीवर मजेत आहे, शेतातली कामं करतो. काढा-भस्म नकोच, त्यात काय घातलंय कुणाला माहीत, आणि गाळायचं काम आता एकटीवर आहे. वहिनींना सांगा, डॉक्टरांनी लेखी मनाई केलीय. एवढं खोटं चालतं. पाठ दुखली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नका. बीपी आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) बघत राहा. सीटीला गेल्यावर रंगाचं इंजेक्शन द्यायच्या आधी त्यांना स्वतःहून सांगा की एकच किडनी आहे.
आणि रिपोर्ट एकट्यानं उघडू नका. मी एकदा 'सिंपल सिस्ट' वाचून रात्रभर जागलो, सकाळी डॉक्टर हसले. पाण्याचा साधा फुगा, वयानुसार खूप जणांना असतो.

प्रतिसाद २
भाऊ, आमच्या ह्यांचं फुफ्फुसात गेलं होतं, म्हणून तुम्हाला गोड-गोड सांगणार नाही. पण केमोचं कोडं सोडवते: नेहमीची केमो ह्या कॅन्सरवर फारशी चालतच नाही, म्हणून देत नाहीत. हात टेकण्याचा संबंध नाही. पसरला तर गोळ्या आहेत, इम्युनोथेरपी आहे, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडायची. त्या उपचाराच्या मूळ शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. गोळ्यांनी ह्यांचे तळपाय सोलून निघायचे, मऊ चप्पल घालून घरात फिरायचे, पण फिरायचे. चार वर्षं झाली, आजही चहा तेच करतात.
मनातली शंका जात नसेल तर स्लाइड्स आणि ब्लॉक (काढलेल्या गाठीचे लॅबमधले नमुने) घेऊन परळला टाटामध्ये दुसरं मत घ्या. तुमच्या डॉक्टरांना राग येणार नाही, आमच्यांना आला नाही.
स्टूल सरकवणाऱ्या बाईंना एकदा विचारा, त्या रात्री दोनला काय करतात.

धागाकर्ता
ताई, विचारलं. ती पण जागीच असते. मी फाइल काढतो तेव्हा कूस बदलून झोपल्याचं सोंग करते म्हणे. काल दोघं मिळून वाचली, इंग्रजी मला, आकडे तिला. क्रिएटिनिन १.३ आहे ते तिला पाठ होतं, मला नव्हतं.
दादा, पुड्या परत केल्या. वहिनी दोन दिवस बोलणार नाहीत.
बुधवारची रात्रपाळी मागून घेतलीय, डॉक्टरांना फोनवर विचारूनच. घरी आढ्याकडे बघत पडण्यापेक्षा काट्यावर बरं. गुरुवारी सकाळी तिथूनच परस्पर सीटीला, ही डबा घेऊन स्टँडवर भेटेल. बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलीय, निघतो.