यूएसबी उपकरण ओळखले न जाण्यावरची ड्रायव्हर-दुरुस्ती: दहा यशस्वी जोडण्यांवरून ती चालते असे कळवावे का?

मोजपट्टी यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे तापमान आणि दाब यांच्या नोंदी घेणारे एक यूएसबी उपकरण आहे. ते सेकंदाला 480 मेगाबिट या वेगाने चालते, वीज पोर्टमधूनच घेते आणि मी ते लिनक्सवर वापरतो. एकदा ओळखले गेले की ते कितीही दिवस विनातक्रार चालते. अडचण येते ती फक्त जोडताना. अधूनमधून कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/64, एरर -71' ही ओळ (उपकरणाने स्वतःबद्दल द्यायची माहिती वाचता आली नाही, अशा अर्थाची) काही वेळा उमटते आणि शेवटी उपकरणाची ओळख पटवता आली नाही असे नोंदवून कर्नल प्रयत्न सोडून देतो. काढून पुन्हा लावले की बहुधा चालते. मागच्या आठवड्यात मी मोजून 60 वेळा जोडणी करून पाहिली; त्यांपैकी 4 वेळा हे घडले.

ही अडचण कळवल्यावर एका विकासकाने माझ्यासाठी पॅच, म्हणजे ड्रायव्हरच्या कोडमधला छोटा बदल, पाठवला. पोर्ट रीसेट केल्यानंतर उपकरणाशी बोलणे सुरू करण्यापूर्वी हब ड्रायव्हर (यूएसबी पोर्ट सांभाळणारा कर्नलचा भाग) 50 मिलिसेकंद थांबतो. पॅचमध्ये हा काळ 150 मिलिसेकंद केला आहे. हा ड्रायव्हर ज्यात असतो ते यूएसबीकोर हे कर्नलचे मॉड्यूल मी पॅचसह पुन्हा बांधले, जुन्याच्या जागी ठेवले, संगणक बंद करून सुरू केला आणि उपकरण दहा वेळा लावले. दहाही वेळा ते ओळखले गेले.

आता मी पॅचसोबतच्या 'टेस्टेड-बाय' (पॅच कोणी चालवून पाहिला ते सांगणाऱ्या) ओळीत माझे नाव घालण्यास संमती द्यावी का? त्या ओळीवर विसंबून पॅच पुढे जाणार, आणि तो गेल्यावर माझ्याच नव्हे तर प्रत्येकाच्या संगणकावर चालणार, हे लक्षात घेता मला घाई करायची नाही. त्या विकासकाने स्वतःचा वेळ खर्च केला आहे आणि त्याच्याकडे माझे उपकरणही नाही. म्हणजे माझ्या शब्दाखेरीज त्याच्यापाशी दुसरा आधार नाही.

शून्यक्रमांक यांचे उत्तर

संमती अजून देऊ नका. कारण तुमच्याच आकड्यांत आहे. 60 पैकी 4 म्हणजे सुमारे पंधरातून एकदा अपयश. एका जोडणीत यश मिळण्याची शक्यता पंधरातून चौदा असेल, तर सलग दहा जोडण्या यशस्वी होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी निघते. म्हणजे पॅचने काहीच केले नसते तरी नाणे उडवून छापा पडावा इतक्या सहजपणे तुम्हाला हाच निकाल मिळाला असता. जुना ड्रायव्हर योगायोगाने सलग यशस्वी ठरण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या खाली न्यायची असेल, तर एकही अपयश न येता 44 जोडण्या हव्यात. 1 टक्क्याच्या खाली न्यायची असेल, तर 67. शिवाय 60 पैकी 4 हा अंदाजही सैल आहे. खरे प्रमाण 2 टक्के असेल, तर पहिल्या मर्यादेसाठीच 149 जोडण्या लागतील. म्हणून मी 150 चा आकडा धरेन.

दुसरी सूचना मला याहून महत्त्वाची वाटते. उपकरण शेवटी ओळखले गेले की नाही, एवढेच मोजू नका. कर्नल एका अपयशाने थांबत नाही. तो पुनःपुन्हा प्रयत्न करतो, आणि पहिला प्रयत्न फसून दुसरा यशस्वी झाला तर वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. प्रत्येक जोडणीनंतर नोंदींत -71 ची निदान एक ओळ आली का, हे स्वतंत्रपणे टिपा. ही घटना अंतिम अपयशापेक्षा बरीच वारंवार घडत असणार, त्यामुळे दुरुस्तीचा परिणाम तिच्यावर आधी आणि अधिक स्पष्टपणे दिसेल.

तिसरे असे की, आधी सगळ्या जुन्या आणि मग सगळ्या नव्या अशा चाचण्या घेऊ नका. जोडणीचे टोक झिजते, उपकरण तापते, हातही सरावतो. जुन्या ड्रायव्हरवर 25, मग नव्यावर 25, असे आलटून पालटून घ्या; पोर्ट आणि केबल मात्र तीच ठेवा. तीनशे वेळा हाताने लावणे अवघड वाटत असेल, तर प्रत्येक पोर्टची वीज स्वतंत्रपणे तोडता येईल असा हब आणि यूएचयूबीसीटीएल ही आज्ञा वापरता येते. फक्त वीज तोडल्यावर पाचेक सेकंद थांबा, कारण उपकरणातल्या कपॅसिटरांत उरलेल्या भारामुळे ते पुरते बंद पडत नाही आणि मग ती खरी नवी जोडणी राहत नाही. सिसएफएसमधून (कर्नलला फाइलींमार्फत सूचना देण्याच्या सोयीतून) उपकरणाचा ड्रायव्हर सोडवून पुन्हा जोडणे हा मार्ग टाळा. त्यात वीज जात नाही आणि जोडणी नव्याने घडत नाही, म्हणजे जिथे दोष आहे तो टप्पाच वगळला जातो.

जुनी_केबल यांचे उत्तर

वरच्या हिशेबाला जोडून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट: चाललेले मॉड्यूल खरोखर नवेच होते, याची खात्री केलीत का? यूएसबीकोर हे संगणक सुरू होताना इतक्या लवकर लागते की लिनक्सच्या पुष्कळ वितरणांत ते इनिटरॅमएफएसमधूनच, म्हणजे सुरुवातीला स्मृतीत चढणाऱ्या फाइलींच्या छोट्या गठ्ठ्यातूनच, चढते. चकतीवरची फाइल बदलली आणि इनिटरॅमएफएस नव्याने तयार केले नाही, तर तिथली जुनी प्रत चढते आणि सगळे सुरळीत दिसते. मॉडइन्फो ही आज्ञा चकतीवरच्या फाइलबद्दल सांगते, स्मृतीत काय आहे ते नाही. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे पॅचमध्ये नोंद छापणारी एक ओळ तात्पुरती घालणे आणि ती उमटते का ते पाहणे.

दुसरी गोष्ट दोषाच्या मुळाबद्दल. -71 चा अर्थ उपकरणाकडून नीट उत्तर आले नाही. ते अर्धवट आले असेल, बिघडून आले असेल किंवा आलेच नसेल. केवळ वेळ संपल्याची -110 ही चूक त्याहून निराळी. म्हणून सदोष केबल आणि उशिरा तयार होणारे उपकरण ही दोन्ही कारणे इथे संभवतात. जुन्या ड्रायव्हरवरच आखूड आणि चांगली केबल लावून पाहा. अपयशे तेवढ्यानेच थांबली, तर ड्रायव्हरमधला विलंब दोष झाकतो आहे, दूर करत नाही.

आणि हा पॅच सर्वांवर परिणाम करणारा आहे, हे तुम्ही बरोबर ओळखले आहे. एखाद्याच उपकरणासाठी अपवाद करायचा तर कर्नल त्याचा उत्पादक क्रमांक आणि वस्तू क्रमांक पाहतो; पण ते क्रमांक डिव्हाइस डिस्क्रिप्टरमध्येच असतात. तुमचे अपयश तो वाचतानाच येते, म्हणजे उपकरण अजून शून्य या पत्त्यावर निनावी असते. त्यामुळे अशा ठिकाणी थांबायचे तर सर्वांसाठीच थांबावे लागते. यूएसबी 2.0 चे 2000 सालचे विनिर्देश रीसेटनंतर सावरायला उपकरणाला 10 मिलिसेकंद देतात. लिनक्स आधीच त्याच्या पाचपट थांबते. एरवी ओळख पटवताना रीसेट दोनदा होतो, म्हणजे प्रत्येक उपकरणामागे 200 मिलिसेकंदांची भर पडेल. ती परवडते का हे विकासक ठरवतील, पण कळफलक, माउस, पेनड्राइव्ह आणि हबमागे लावलेला दुसरा हब यांच्यावर काय होते हे तुम्ही पाहून सांगितलेत, तर त्यांना ते ठरवता येईल.

मोजपट्टी

आपण दोघांनी वेळीच थांबवलेत, याबद्दल मनापासून आभार. छापणारी ओळ पॅचमध्ये घातली आणि संगणक सुरू केला, तर ती उमटलीच नाही. इनिटरॅमएफएसमध्ये जुनीच प्रत होती. म्हणजे माझ्या त्या दहा यशस्वी जोडण्या जुन्या ड्रायव्हरच्याच होत्या. मी संमती कळवली असती, तर न चाललेल्या पॅचची ग्वाही दिली असती.

इनिटरॅमएफएस पुन्हा तयार केल्यावर ओळ उमटू लागली. मग चार दिवस रोज संध्याकाळी थोड्याथोड्या चाचण्या केल्या. वीज तोडता येणाऱ्या हबवरही जुन्या ड्रायव्हरने तोच दोष येतो, हे आधी तपासून घेतले. त्यानंतर 25-25 च्या गटांनी आलटून पालटून प्रत्येकी 150 जोडण्या घेतल्या. जुन्या ड्रायव्हरवर 9 वेळा उपकरण ओळखलेच गेले नाही आणि 31 जोडण्यांत -71 ची निदान एक ओळ आली. नव्या ड्रायव्हरवर उपकरण एकदाही नाकारले गेले नाही, मात्र 2 जोडण्यांत -71 आली आणि पुढच्याच प्रयत्नात ओळख पटली. याखेरीज संगणकाच्या स्वतःच्या पोर्टवर हाताने प्रत्येकी 30 जोडण्या केल्या: जुन्यावर 2 अपयशे, नव्यावर एकही नाही.

आखूड केबल लावून जुन्या ड्रायव्हरवर 50 जोडण्या केल्या, तेव्हाही 3 अपयशे आली. त्यामुळे केबल हे मुख्य कारण वाटत नाही. कळफलक, माउस, दोन पेनड्राइव्ह आणि हबमागचा हब या सर्वांची ओळख नव्या ड्रायव्हरवर पटली. नोंदींत नवे उपकरण आल्याची ओळ आणि त्याचे क्रमांक सापडल्याची ओळ यांतले अंतर सुमारे 200 नव्हे, तर 100 मिलिसेकंदांनी वाढलेले दिसले. यात माझे काही चुकते आहे का?

जुनी_केबल

चुकत नाही. पहिला रीसेट नोंदींतल्या त्या पहिल्या ओळीच्या आधीच झालेला असतो. तुम्ही मोजलेल्या अंतरात फक्त दुसरा येतो. उलट पॅच म्हटल्याप्रमाणेच काम करतो आहे, याचा हा पुरावाच आहे, म्हणून तो आकडाही कळवा.

केबलची शंका मी मागे घेतो. माझ्या मते आता संशय उपकरणाच्या फर्मवेअरवर, म्हणजे त्याच्या आतल्या प्रणालीवर, आहे. आपण जोडले गेल्याची खूण ते तारेवर देते, पण उत्तर द्यायला स्वतः अजून तयार नसते. तसे असेल तर खरी दुरुस्ती उपकरणातच व्हायला हवी, आणि सर्वांसाठी विलंब वाढवण्यापूर्वी विकासकांना हे माहीत असणे न्याय्य ठरेल.

शून्यक्रमांक

आता संमती द्या, पण आकड्यांसह. त्या ओळीचा अर्थ इतकाच असतो की हा पॅच अमुक परिस्थितीत चालवून पाहिला आणि तो यशस्वी ठरला. ती परिस्थिती कोणती, हे तुम्हीच लिहायला हवे. 'दोष गेला' असे मात्र लिहू नका. 150 जोडण्यांत शून्य अपयशे आली, याचा अर्थ खरे प्रमाण 2 टक्क्यांहून कमी असावे असे 95 टक्के खात्रीने म्हणता येते. ते शून्य आहे असे म्हणता येत नाही. त्या दोन -71 ओळी तर जरूर कळवा. विलंब आणखी वाढवून त्या जातात की तशाच राहतात, यावरून विकासकाला कारणाचा माग लागेल. 300 मिलिसेकंदांवरही त्या आल्या, तर वेळेखेरीज आणखी काही बिघडते आहे असे धरावे लागेल.

मोजपट्टी

आत्ताच कळवले. कर्नलची आवृत्ती, हबचा आणि स्वतःच्या पोर्टचा तपशील, दोन्ही ड्रायव्हरांचे आकडे, 100 मिलिसेकंदांची वाढ, त्या दोन ओळींच्या पूर्ण नोंदी आणि फर्मवेअरबद्दलची शंका, असे सगळे लिहिले आहे. उपकरणाच्या उत्पादकालाही याच नोंदी पाठवल्या आहेत. 300 मिलिसेकंदांच्या चाचण्या आज रात्री सुरू करतो.