मदत हवी आहे: मेकवॉरियर ऑनलाइनमध्ये हंचबॅकवर एसी/२० ठेवून इंजिन कोणते बसवावे?

मूळ प्रश्न (फोंडा)

नमस्कार.

मी फोंड्याला राहतो. साखळीचा मावसभाऊ आणि मडगावचा एक मित्र असे आम्ही तिघे रात्रीची जेवणे आटोपल्यावर मेकवॉरियर ऑनलाइन खेळतो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की यात बारा विरुद्ध बारा असा सामना होतो आणि नेहमीच्या सामन्यात आपला रोबोट एकदा पडला की दुसरा मिळत नाही. त्यामुळे सामन्याआधी मेकलॅबमध्ये बसून रोबोटवर काय चढवायचे आणि काय उतरवायचे, हे ठरवण्याला इथे नेमबाजीइतकेच महत्त्व आहे. मावसभाऊ लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा रोबोट घेतो, मित्र लेझरचा. त्या दोघांच्या अंगावर चालून येणाऱ्या शत्रूला जवळून जबर तडाखा देण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्यासाठी मी हंचबॅक एचबीके-४जी हा ५० टनांचा रोबोट घेतला आहे. उजव्या खांद्यावर मोठ्या कुबडासारखी तोफ असलेला हा रोबोट मला मनापासून आवडतो आणि तो बदलण्याची माझी इच्छा नाही.

माझा आत्ताचा हिशेब असा आहे. सांगाडा एंडो-स्टीलचा केल्यामुळे तो पाचऐवजी अडीच टनांत बसतो. आर्मर (चिलखत) १० टन आहे. २५० चे (हा आकडा इंजिनाची ताकद सांगतो) स्टँडर्ड इंजिन जायरो (तोल सांभाळणारे यंत्र) आणि कॉकपिट धरून साडेअठरा टन घेते. उजव्या टॉर्सोतील (धडाच्या उजव्या भागातील) एसी/२० तोफ १४ टनांची आहे आणि दोन्ही हातांत एकेक व डोक्यात एक असे तीन मीडियम लेझर मिळून तीन टन होतात. एवढे चढवल्यावर दारूगोळ्यासाठी जेमतेम दोन टन उरतात, आणि सामना लांबला तर ऐन मोक्याच्या वेळी तोफ रिकामी पडते. इंजिनातील दहा डबल हीट सिंकांपलीकडे (उष्णता बाहेर टाकणारे भाग) एकही जादा हीट सिंक बसत नाही, त्यामुळे टेरा थर्मासारख्या लाव्हाच्या नकाशावर तोफ आणि लेझर दोन्ही लागोपाठ चालवले की रोबोट लवकर तापतो.

इंजिन बदलून वजन वाचवावे असे मला वाटते. वजनाने हलके असलेले एक्सएल इंजिन बसवायला गेलो तर मेकलॅब ते स्वीकारतच नाही. इंटरनेटवरच्या बहुतेक जुन्या मार्गदर्शिका 'हंचबॅकला नेहमी स्टँडर्ड इंजिनच ठेवावे' एवढेच सांगतात, पण त्यामागचे कारण नीट उलगडून सांगत नाहीत. तोफ लहान करावी का, वेग कमी करावा का, की आर्मर उतरवावे, हे मला जाणकारांकडून कारणांसह समजून घ्यायचे आहे. चतुर्थीच्या सुट्टीत आम्ही तिघे सलग खेळणार आहोत, त्याआधी जुळणी पक्की झाली तर फार बरे होईल.

प्रतिसाद (डिचोली)

नमस्कार. आपण हिशेब मांडून प्रश्न विचारला आहे, त्यामुळे उत्तरही हिशेबानेच देता येईल.

प्रथम एक्सएल का बसत नाही ते पाहू. टॉर्सोच्या प्रत्येक बाजूला बारा स्लॉट, म्हणजे सामान बसवण्याच्या चौकटी, असतात. एसी/२० त्यांतले दहा घेते. इनर स्फिअरच्या (खेळातील ज्या गटाचा हंचबॅक आहे त्याच्या) एक्सएल इंजिनाला दोन्ही बाजूंच्या टॉर्सोत प्रत्येकी तीन स्लॉट लागतात, म्हणजे उजव्या बाजूला तेरा स्लॉटांची गरज पडते आणि जागा बाराचीच असते. वजनाचा प्रश्न इथे येतच नाही. हे इंजिन बसले असते तरी मी ते सुचवले नसते, कारण एक्सएल असलेल्या इनर स्फिअर रोबोटचा कोणताही एक बाजूचा टॉर्सो उडाला की रोबोट तिथल्या तिथे संपतो. हंचबॅकचे कुबड लांबूनही ओळखू येते आणि अनुभवी खेळाडू समोर हंचबॅक दिसताच सगळ्यात आधी तिथेच नेम धरतो. आपल्या रोबोटचा प्राण शत्रूला सगळ्यात स्पष्ट दिसणाऱ्या जागी ठेवण्यात काही अर्थ नाही.

आपण वाचलेल्या मार्गदर्शिका चुकीच्या नाहीत, त्या फक्त जुन्या आहेत. जुलै २०१७ मध्ये या खेळात नवे तंत्रज्ञान आले आणि त्याबरोबर लाइट फ्यूजन इंजिन, म्हणजे एलएफई, उपलब्ध झाले. त्याआधी लिहिणाऱ्यांपुढे स्टँडर्ड आणि एक्सएल एवढे दोनच पर्याय होते. एलएफईचे वजन स्टँडर्डच्या पाऊणपट असते आणि त्याला प्रत्येक बाजूच्या टॉर्सोत दोनच स्लॉट लागतात. दहा आणि दोन मिळून बारा होतात, म्हणजे आपली एसी/२० आणि एलएफई उजव्या टॉर्सोत एकही स्लॉट न उरता नेमके बसतात. हे जमून येते म्हणूनच ४जी या प्रकारासाठी मला हे इंजिन सगळ्यांत योग्य वाटते.

२५० चे एलएफई साडेपंधरा टनांचे आहे, म्हणजे आपले तीन टन वाचतात. त्यातला एक टन दारूगोळ्याला द्यावा आणि उरलेल्या दोन टनांत दोन डबल हीट सिंक घ्यावेत. वेग मुळीच कमी होत नाही: २५० भागिले ५० गुणिले १६.२ या सूत्राने तो ताशी ८१ किलोमीटरच राहतो. इंजिन २५० च्या खाली नेऊ नये असेही मी आग्रहाने सांगेन, कारण इंजिनाच्या आकड्याला २५ ने भागले की आत किती हीट सिंक मावतात ते कळते आणि रोबोटवर किमान दहा हीट सिंक असावेच लागतात. २२५ च्या इंजिनात नऊच मावतात, दहावा बाहेर बसवावा लागतो आणि इनर स्फिअरचा एक डबल हीट सिंक तीन स्लॉट खातो.

स्लॉटांचाही हिशेब करून ठेवतो, म्हणजे मेकलॅबमध्ये अडखळायला होणार नाही. तोफ, इंजिन आणि लेझर बसवल्यावर डाव्या टॉर्सोत दहा, दोन हातांत मिळून चौदा, पायांत मिळून चार आणि मधल्या टॉर्सोत दोन असे तीस स्लॉट मोकळे राहतात. एंडो-स्टील चौदा घेते, दोन हीट सिंक सहा आणि दारूगोळा तीन. म्हणजे सात स्लॉट शिल्लक उरतात. फेरो-फायब्रस आर्मर घ्यावे असा मोह होईल, पण त्यालाही चौदा स्लॉट लागतात आणि तेवढे आपल्याकडे नाहीत. शिवाय दहा टन आर्मरमागे त्याने वाचणारे वजन एका टनाच्या आसपास आहे, तर एंडो-स्टीलने अडीच टन वाचतात. या दोहोंत निवड करायची वेळ आली तर एंडो-स्टीललाच आधी जागा द्यावी.

प्रतिसाद (वास्को)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही स्टँडर्ड इंजिनाची बाजू कुणीतरी मांडायला हवी. हंचबॅक चालवणारा मुरलेला खेळाडू तोफ डागल्यावर लगेच कमरेतून उजवीकडे वळतो आणि शत्रूचे घाव डाव्या हातावर व डाव्या टॉर्सोवर घेतो. एसी/२० पुन्हा भरायला काही सेकंद लागतात, त्या वेळात डावी बाजू ढालीसारखी पुढे राहते. असे खेळताना बऱ्याचदा डावा टॉर्सो आधी जातो. एलएफई असल्यास डावा टॉर्सो गेल्याबरोबर वेग आणि थंड होण्याची क्षमता घटते आणि त्यानंतर उजवाही गेला की रोबोट संपतो. स्टँडर्ड इंजिनात दोन्ही गेले तरी मधला टॉर्सो शाबूत असेपर्यंत रोबोट उभा राहतो. ज्याला शेवटपर्यंत तग धरायची आहे त्याने याचा विचार करावा.

प्रतिसाद (डिचोली)

आपण म्हणता ते खरे आहे. मात्र दोन्ही टॉर्सो गेल्यावर उभ्या राहिलेल्या त्या रोबोटकडे काय उरते तेही पाहायला हवे. बाजूचा टॉर्सो गेला की त्याला जोडलेला हातही जातो. म्हणजे एसी/२० गेली आणि दोन्ही हातांतले लेझरही गेले. डोक्यातला एक मीडियम लेझर मागे राहतो, ज्याची एका वेळची मारक क्षमता पाच आहे, तर गेलेल्या तोफेची वीस होती. त्या एका लेझरसह काही क्षण जास्त उभे राहण्यासाठी सामन्याच्या सुरुवातीपासून तीन टन वजन वाहत राहायचे, की तेच तीन टन दारूगोळा आणि हीट सिंकांच्या रूपाने पूर्ण सामनाभर वापरायचे, असा हा प्रश्न आहे. फक्त उजवा टॉर्सो गेला तर दोन्ही इंजिनांवर रोबोट जिवंत राहतो आणि त्याच्याकडे डाव्या हातातला व डोक्यातला असे दोन लेझर असतात. एलएफईवर तो तेव्हा थोडा मंदावतो एवढाच फरक. म्हणून ज्याच्या संघात मागे दोन सोबती आहेत आणि ज्याचे काम पहिल्या धडकेला शत्रूला थोपवणे हे आहे, त्याच्यासाठी माझा कौल निःसंशय एलएफईला आहे.

डावी बाजू पुढे करण्याचा आपला सल्ला मात्र प्रश्नकर्त्यांनी जरूर पाळावा, आणि त्यामुळे आर्मरची वाटणीही ठरते. ५० टनी रोबोटला जास्तीत जास्त ३३८ अंक आर्मर घेता येते आणि दहा टनांत ३२० अंक येतात, म्हणजे अठरा अंक कुठून तरी कमी करावे लागतात. डाव्या हाताचे आर्मर कमी करण्याची पद्धत मी पाहिली आहे, पण ढाल म्हणून वापरायचा अवयव पातळ करणे मला पटत नाही. दोन्ही पायांवरून सात-सात आणि डोक्यावरून चार अंक काढले की हिशेब जुळतो. उजव्या टॉर्सोच्या ४८ अंकांपैकी चाळीसहून जास्त पुढच्या बाजूला ठेवावेत. मागची बाजू अगदी उघडी मात्र टाकू नये, कारण हलके रोबोट पाठीमागून येऊन तेवढ्याच संधीची वाट पाहत असतात.

दारूगोळा पायांत ठेवावा. तो कोणत्याही अवयवातून तोफेपर्यंत पोहोचतो, त्यामुळे तोफेच्या शेजारीच हवा असे नाही. डाव्या टॉर्सोत ठेवल्यास आपण ज्या बाजूने घाव घेणार त्याच बाजूला स्फोटाचा धोका ओढवून घेऊ.

मूळ प्रश्नकर्ता (फोंडा)

दोघांचेही मनापासून आभार. इंजिनाचा निर्णय आता पक्का झाला. उजव्या टॉर्सोत बाराही स्लॉट भरतात हे वाचून मी लगेच मेकलॅबमध्ये जाऊन पाहिले आणि खरोखर एकही चौकट रिकामी राहत नाही. ते पाहून फार समाधान वाटले.

आणखी दोन गोष्टी विचारतो. इथून सर्व्हर लांब असल्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्याचा वेळ) बरेच असते आणि पावसाळ्यात तर ते स्थिरही राहत नाही. अशा स्थितीत एसी/२० ऐवजी एसी/१० घ्यावी का? तिचा पल्ला ४५० मीटरचा आहे आणि ती दोन टनांनी हलकी आहे. दुसरे असे, की मावसभावालाही हंचबॅक घ्यायचा आहे, पण एकाच तोफेवर सगळी भिस्त त्याला नको आहे. त्याच्यासाठी कोणता प्रकार योग्य ठरेल?

प्रतिसाद (वास्को)

पिंगसाठी तोफ बदलू नये. एसी/१० चाही गोळा हवेतून प्रवास करतच लक्ष्यापर्यंत जातो, त्यामुळे चालत्या शत्रूच्या पुढे नेम धरण्याची गरज टळत नाही, आणि लांबच्या पल्ल्यावर तर ती वाढते. एसी/२० आणि मीडियम लेझर या दोहोंचा परिणामकारक पल्ला २७० मीटर आहे, म्हणजे आपली सगळी शस्त्रे एकाच अंतरावर पूर्ण ताकदीने चालतात. हा मेळ मोडून अर्धी शस्त्रे लांबची आणि अर्धी जवळची ठेवली तर कुठेच पूर्ण मारा करता येत नाही. अंतर कमी करा, म्हणजे गोळ्याचा प्रवास आपोआप कमी होईल. तोफ एका फायर ग्रुपवर (एका कळीने चालणाऱ्या शस्त्रांच्या गटावर) आणि लेझर दुसऱ्यावर ठेवा, कारण लेझरचा किरण लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो, तर तोफ डागल्यावर लगेच वळायचे असते. पडद्यावरील नेमाच्या खुणांपैकी हातांतले लेझर हातांच्या वर्तुळाकडे जातात आणि तोफ टॉर्सोच्या फुलीकडे, हेही सरावाच्या मैदानावर एकदा नीट पाहून घ्या. तोफ खांद्यावर उंच असल्याने टेकडीच्या कडेआडून फारसे अंग न दाखवता मारा करता येतो. माझ्या मते हंचबॅकचे खरे बळ त्यातच आहे आणि त्याचा पुरेपूर उपयोग करावा.

आपल्या मावसभावाने एचबीके-४एसपी पाहावा. त्याच्या दोन्ही बाजूंच्या टॉर्सोत कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा एकेक संच आणि हातांत मिळून चार लेझर बसतात. शस्त्रे दोन्हीकडे सारखी विभागलेली असल्यामुळे एक बाजू गेली तरी निम्मा मारा शाबूत राहतो. एचबीके-४पी हा पूर्ण लेझरचा प्रकारही जबरदस्त आहे, पण एकाच जातीचे लेझर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संख्येने एकदम चालवले की खेळ जादा उष्णतेचा दंड लावतो. नवख्या खेळाडूला ते सांभाळणे कठीण जाते.

प्रतिसाद (डिचोली)

एक पुरवणी जोडतो. प्रत्येक रोबोटला कौशल्यवृक्षात ९१ गुण वापरता येतात. ते वाटताना आधी आर्मर आणि सांगाडा बळकट करणारी शाखा घ्यावी, मग टॉर्सो लवकर वळवणारी, कारण डावी बाजू वेळेवर पुढे आणणे त्यावरच अवलंबून आहे. शस्त्रांच्या शाखेत दर टनामागे गोळ्यांची संख्या वाढवणारे गुण आहेत, तेही आवर्जून घ्यावेत. तीन टन दारूगोळ्याला त्यांची जोड मिळाली की लांबलेल्या सामन्यातही तोफ आपल्याला साथ देईल. चतुर्थीच्या सुट्टीत एखादी जागा रिकामी असेल तर मलाही बोलवा, आम्ही डिचोलीहून दोघे आहोत.

मूळ प्रश्नकर्ता (फोंडा)

अवश्य. खेळात मित्र म्हणून जोडण्याची विनंती आपण दोघांनीही पाठवावी. मावसभावाने ४एसपी घेण्याचे ठरवले आहे आणि त्याची मेकलॅबमधली जुळणी तो स्वतः इथेच मांडणार आहे. ती पाहून आपण सूचना कराव्यात, ही विनंती.