वैशालीताई, उभ्या राहाच!

(पुण्याचं नऱ्हे, तीन विंगा, ११२ फ्लॅट. सोसायटीचा ग्रुप. नोव्हेंबर २०२५ चा शेवटचा रविवार.)

पवार काका, ए-२०३ (सकाळी ८.१२): सर्व सभासदांना नमस्कार. महापालिकेच्या निवडणुका ३१ जानेवारीच्या आत उरका असं सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. यंदा आपल्यातलंच माणूस द्यायचं. मी वैशालीताईंचं नाव सुचवतो. पावसाळ्यात तुंबलेल्या चेंबरपाशी रात्री अकराला छत्री धरून कोण उभं होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय.

रोहन, सी-७०१: १०० टक्के सहमत 🙏

कुलकर्णी काकू, बी-१०४: माझाही पाठिंबा. प्रचाराला येईन, गुडघे साथ देतील तिथपर्यंत.

पवार काका: गाव २०२१ ला पालिकेत गेलं. मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. म्हणजे कर पालिकेचा आणि आपला नगरसेवक एकही नाही. सरपंचाला निदान चहाच्या टपरीवर गाठता यायचं.

रोहन: गाठून काय व्हायचं काका?

पवार काका: शिव्या तरी देता यायच्या.

देशपांडे आजोबा, ए-६०१: जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायला त्यांनी एकट्यानं विरोध केला, ते पैसे गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. असं माणूस पाहिजे.

मंदार (ॲडमिन), बी-५०२: आजोबा, गणपतीच्या रोषणाईच्या बिलाला मी विरोध केला तेव्हा मला कुणी फुले म्हणालं नाही.

कुलकर्णी काकू: मंदार, विषयांतर नको.

वैशालीताई, बी-६०२ (९.४०): आत्ता फोन पाहिला. टँकर अर्धाच भरून आला होता, त्याच्याशी भांडत होते. तुमचं प्रेम पोचलं. आता हिशेब ऐका. प्रभाग चार सदस्यांचा, नऱ्ह्यापासून वडगाव-धायरीपर्यंत. २०११ ची जनगणना धरली तरी ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती. प्रत्येकानं चार मतं द्यायची. पक्षांचे चौघे एका गाडीवरून फिरणार, चौघांचं पत्रक एक. मी एकटी अपक्ष. चारातल्या दोन जागा बायकांच्या, त्यामुळे जागेचा प्रश्न नाही. अनामत रक्कमही देईन. पण पुण्याला उमेदवारी खर्चाची मर्यादा १५ लाख आहे. माझ्याकडे त्यातले दीड निघतील, तेही मुलीच्या फीला हात लावून.

रोहन: ताई, वर्गणी काढू ना.

वैशालीताई: लिफ्टची वर्गणी अजून १७ फ्लॅटची यायची आहे रोहन. त्यात तुझा एक.

रोहन: 🙈

मंदार: विनोद पुरे. ताई, खरंच निवडून आलात तर पहिलं काम कुठलं?

वैशालीताई: आधी काय करणार नाही ते सांगते. कमान, बाकडी, नावाच्या पाट्या, वाढदिवसाचे फ्लेक्स, नाही. '२४ तास पाणी' असं पत्रकात छापणार नाही. खडकवासल्यातून शहराला किती पाणी मिळायचं ते जलसंपदा खातं ठरवतं, नगरसेवक नाही.

आता काम. नगरसेवकाच्या हातात अंदाजपत्रकातली 'स' यादी असते. त्यात कामं सुचवायची, निधी पडतो. पुढे वर्षाच्या मधेच 'वर्गीकरण' येतं, म्हणजे ड्रेनेजच्या पैशाला पेव्हर ब्लॉकचा रस्ता दाखवायचा. फुटपाथ एका वर्षात दोनदा का उखडतो, कळलं ना? मी त्या यादीत तीनच कामं टाकीन. आपल्या आणि पलीकडच्या चार सोसायट्यांची ड्रेनेज लाइन मोठी करणं, शाळेच्या गल्लीतले दिवे आणि पिण्याच्या पाण्याची तपासणी.

कुलकर्णी काकू: पाणी पहिलं लिही गं. जानेवारीत त्या जीबीएसच्या, हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराच्या साथीत महिनाभर उकळून प्यायलो, अजून पातेलं गॅसवरनं उतरलेलं नाही.

वैशालीताई: लिहिते काकू. खर्चापेक्षा पाठपुरावा जास्त आहे त्यात. विहीर, टाकी, टँकर, तिन्हीचे नमुने कधी घेतले, क्लोरीन किती निघालं, ते चौकात फळ्यावर लावायचं.

पवार काका: ठरलं तर मग. ताई आगे बढो.

वैशालीताई: थांबा. ही निवडणूक विधानसभेच्या १ जुलैच्या मतदार यादीवर आहे. त्यानंतर नोंदवलेलं नाव चालणार नाही. प्रत्येकानं आपलं नाव शोधून इथे लिहा. फक्त 'आहे' किंवा 'नाही'. रात्री मोजू.

(रात्री ९.०५)

मंदार: ४१ फ्लॅटकडून उत्तर आलं. या प्रभागात नाव असलेले १९ फ्लॅट. बाकीचे लातूर, सातारा, जळगाव, दोघे कोथरूडला. चौघांनी उत्तरादाखल शुभ रात्रीचं फूल पाठवलंय.

रोहन: माझं सांगलीत आहे. आई म्हणते राहू दे तिथेच, गावची ग्रामपंचायत एका मताने जाते.

वैशालीताई: पवार काका, तुमचं?

पवार काका: बार्शी.

वैशालीताई: 😐

पवार काका: दरवेळी जातोच ना मी. आमच्या वाड्याचं मत आहे ते.

देशपांडे आजोबा: माझं इथे आहे. चालत जाऊन देईन.

वैशालीताई: आजोबा, तुम्ही माझे अनुमोदक. पण अर्जावर सह्या करणारे सूचक आणि अनुमोदक दोघेही याच प्रभागाचे मतदार लागतात. अजून एक हवा. काकू?

कुलकर्णी काकू: अगं, फ्लॅट लेकाच्या नावावर, माझं नाव अजून सदाशिव पेठेतच.

अमोल, सी-३०२: ताई, माझं नाव या यादीत आहे. पासपोर्टसाठी २०२३ लाच इथे नोंदवलं.

मंदार: अमोल, तू भाडेकरू ना?

अमोल: हो दादा.

वैशालीताई: मत भाडेकरूचंही तेवढंच असतं मंदार. अमोल, सही करशील?

अमोल: करतो ताई, केव्हाही. फक्त एक. भाडेकरूंच्या दुचाकीला आत जागा नाही असा ठराव झालाय ना, गाडी रोज नाल्याकडेला लावतो. दोन वेळा पेट्रोल गेलं चोरीला.

वैशालीताई: मंदार, तो ठराव कुणी मांडला होता?

मंदार: पवार काकांनी.

पवार काका: तेव्हा परिस्थिती वेगळी होती.

वैशालीताई: अमोल, आज रात्रीपासून गाडी माझ्या जागेत लाव. बी विंग, खांब नंबर ४. माझी स्कूटर मी टाकीजवळ हलवते. आणि उद्या साडेसातला खाली ये, पाच सोसायट्यांच्या गेटवर नावं विचारत फिरायचंय. काका, तुम्हीही या. बार्शीच्या माणसाला वही धरता येते.