माझगावची कदूरी शाळा ज्यूंची कशी?

आडवाटेचा: माझगावात सर एली कदूरी हायस्कूलची पाटी दिसली. सोबतचा मित्र म्हणाला, ही ज्यूंची शाळा. पण सुटली तेव्हा बाहेर पडणाऱ्या बऱ्याच मुली हिजाबात होत्या. ही काढली कोणी?

गोदीवाला: ससूनांनी, दुसरं कोण! गोदी त्यांची, वाचनालय त्यांचं.

रेवदंडेकरीण: नाही हो गोदीवाले. ससून बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेले ज्यू. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू; शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून शनवार तेली. 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी ‘इस्रायलाइट स्कूल’ काढलं. ते सरकारी नोकर, कुणी शेठ नव्हेत. समाजही कारकून, पलटणीतले, मिस्त्री अशांचा, म्हणजे पैशाची ओढाताण आलीच. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचा हात मिळाला.

त्याआधी आमची मुलं शिकायची मिशनऱ्यांकडे. जॉन विल्सनसाहेबांनी तर 1832 मध्येच हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं होतं. म्हणजे आमची धर्मभाषा आम्हाला पाद्री शिकवणार! बाटले अगदी थोडे, पण धास्ती असणारच. शाळेचं मूळ मला तरी तिथेच दिसतं. म्हणून हिब्रू, पण त्यासोबत मराठी-इंग्रजी चोख.

कदूरी नाव नंतरचं, देणगीमुळे. एलीसाहेब जन्माने बगदादचेच, कमाई हाँगकाँग-शांघायची. शाळा आमची, नाव शेवटी बगदाद्याचं, यावर आमच्याकडे अजून कुरकुर चालते.

पण शाळेला खरी शिस्त लावली रेबेका रूबेन बाईंनी. 1905 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या, पुढे इंग्लंडात शिकून आलेल्या. 1922 ते 1950 त्याच मुख्याध्यापिका. माझी आजी त्यांच्या हाताखालची. म्हातारपणीही पत्रातलं शुद्धलेखन तपासून परत पाठवायची, नातवंडांचंसुद्धा.

आडवाटेचा: ताई, मग ज्यू मुलं गेली कुठे?

रेवदंडेकरीण: 1948 नंतर इस्रायलला. लोद, अश्दोद, दिमोना. आमचे मामाही तिकडेच. वर्गातली मुलं कमी होत गेली, पण शाळा बंद नाही पडली. आजूबाजूच्या वस्तीतली मुलं येऊ लागली, त्यात मुसलमान पुष्कळ. मला यात वावगं काही वाटत नाही. शाळा रिकामी पडली असती तर वाईट वाटलं असतं.

गोदीवाला: चुकलो ताई. आजींचा शाळेतला फोटो आहे का?

रेवदंडेकरीण: मामांकडे अश्दोदला आहे. मागवते, आला की टाकते.