मदत हवी आहे: सिम्युलेशनमधल्या दीर्घिकांभोवती जास्तीचे तारे कुठून येतायत?

टीएनजी100 या विश्वाच्या कम्प्युटर सिम्युलेशनचा पब्लिक डेटा वापरून आकाशगंगेएवढ्या दीर्घिकांचा तारकीय हेलो (दीर्घिकेभोवती विरळ पसरलेले तारे) बघतेय, पण साधारण 20 किलोपार्सेकच्या (सुमारे 65 हजार प्रकाशवर्षांच्या) बाहेर तारे फारच जास्त येतात, ड्रॅगनफ्लाय दुर्बिणीला एवढे दिसत नाहीत, एम101 या जवळच्या सर्पिल दीर्घिकेभोवती तर जवळजवळ नाहीतच. सिम्युलेशनमध्ये एक स्टार पार्टिकल (ताऱ्यांचा एक कण) म्हणजे सुमारे 14 लाख सूर्यांचं वस्तुमान, म्हणजे एक कोटी सूर्यांची बटू दीर्घिका सात-आठ कणांतच संपते. सॅटेलाइट (भोवती फिरणाऱ्या छोट्या दीर्घिका) वगळून झाले, तारकीय वस्तुमान जुळवून झालं. त्याच बॉक्सचे (सिम्युलेशनमधल्या त्याच अवकाशाचे) कमी रिझोल्यूशनचे, म्हणजे जास्त जड कणांचे, रनही लावून बघितले, पण रिझोल्यूशन बदललं की तारेनिर्मितीही बदलते आणि सगळं एकत्र मिसळतं. नवीन रन करणं शक्य नाही, लॅपटॉप आणि ब्राउझरमध्ये कोड चालवायचं ऑनलाइन ज्युपिटर (Jupyter) एवढंच आहे. तर हा फरक रिझोल्यूशनमुळे की फीडबॅक मॉडेल (तारे आणि कृष्णविवरांच्या ऊर्जेने तारेनिर्मिती रोखणारा भाग) बटू दीर्घिकांत जास्त तारे बनवतं म्हणून, हे आहे त्या डेटातून वेगळं कसं काढायचं?